सँपलवाली सुजाता

सुजाता कांबळे बागेत शिरली की सरळ ओळीनं कधी चालायची नाही. मालकानं पुढं व्हावं आणि तिनं त्याच्या मागून जावं, असंही कधी झालं नाही. पहिल्या ओळीत चार वेली ओलांडल्या की ती मांडवाखालून वाकून तिसऱ्या ओळीत निघायची, तिथून पाचवीत, आणि मग एकदम मागं वळून कोपऱ्यातल्या वेलींकडं, जिथं ट्रॅक्टर वळतो आणि फवारा दोनदा बसतो. एक घड उन्हातला, एक सावलीतला, एक तारेजवळचा, एक पार खाली लोंबणारा. कात्रीचा बारीक आवाज व्हायचा, घड पिशवीत जायचा, आणि आम्ही बागायतदार तिच्या मागं मुकाट चालत राहायचो. परीक्षेच्या वर्गात बाकांमधून मास्तर फिरत असला की पोरं जशी मान खाली घालून बसतात, तशी आमची गत.

आमचं गाव पलूस तालुक्यातलं, कृष्णेच्या काठचं. माझी द्राक्षाची बाग दोन एकर. बाजार खुला झाला म्हणजे नेमकं काय झालं, हे आम्हाला कुणी व्याख्यान देऊन सांगितलं नाही. आमच्या लेखी त्याचा अर्थ एवढाच, की आमचा घड बोटीत बसून युरोपात जायला लागला आणि त्याच्या बदल्यात तिकडचे नियम आमच्या बांधावर येऊन बसले. कुठलं औषध मारायचं, काढणीआधी किती दिवस हात आखडायचा, घडावर औषधाचा किती अंश राहिलेला चालेल, हे सगळं तिकडं ठरायचं. काढणीच्या आधी सांगलीच्या प्रयोगशाळेतून माणूस यायचा, घडांचं सँपल न्यायचा. पिशवीला सील लागायचं, ती बर्फाच्या पेटीत जायची. मग रिपोर्ट येईपर्यंत घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. पास झाला तर कंपनीची गाडी दारात. फेल झाला तर वर्षभर पोरासारखी वाढवलेली बाग एका ओळीच्या मेसेजवर नापास.

ते सँपल न्यायला आमच्या भागात सुजाता यायची.

अंगानं काटक, उंचीनं बुटकी. पंजाबी ड्रेसवर पुऱ्या बाह्यांचा पुरुषी शर्ट, डोक्याला रुमाल, आणि स्कूटीवर पायांजवळ निळी पेटी. तिच्याकडं भाषा दोन होत्या. पेटी उघडी असेपर्यंत ती पुस्तकातल्यासारखं बोलायची, "आपली नोंदणी झालेली आहे का, शेवटची फवारणी कधी घेतली," असं. पेटीचं झाकण बसलं, सील झालं, की मग तिची गावची बोली बाहेर यायची आणि ती कुणाच्या म्हशीची, कुणाच्या सुनेची चौकशी करायची. म्हणून आमच्यात एक ठरून गेलं होतं. पेटी उघडी असताना तिच्याशी काही बोलायचं नाही. बोलून उपयोग नसायचा.

ती काही परकी नव्हती. तिची आई आक्काताई आमच्या भागातल्या बायकांच्या टोळीची मुकादम. शेजारच्या गावची बौद्ध वस्ती, तिथल्या पंधरा-वीस बायका टमटममध्ये भरून यायच्या. विरळणी, घड द्रावणात बुडवायचं डिपिंग, काढणी, सगळं याच टोळीच्या हातचं. सुजाता शाळेला सुट्टी असली की आईबरोबर यायची. मला ती आठवते ती मांडवाखाली पालथी झोपून पुस्तक वाचणारी. पुढं ती कराडला शिकली, शेतीचीच मोठी पदवी घेतली, आणि ज्या बागांत आईच्या मागं फिरली त्या बागांत पेटी घेऊन आली. आम्हा जुन्या लोकांची पंचाईत अशी, की तिला "सुजे" म्हणायचं की "मॅडम", हेच ठरेना. बहुतेक जण पेटी उघडी असली की मॅडम म्हणायचे.

माझ्या बांधाला बांध लागून बाळासाहेबाची बाग. आमची वयं सारखी, आम्ही एका शाळेत गेलेलो. त्याच्या वडलांना सगळं गाव आबा म्हणतं. पहिल्या वर्षी सुजाता त्यांच्याकडं आली तेव्हा मीही तिथंच होतो. आबांनी घरातून चहा मागवला. ट्रेमध्ये ठेवणीतल्या कपबशा आल्या.

"नको आबा," सुजाता म्हणाली. "मालकाच्या घरचं काही घ्यायचं नाही, असा नियम आहे."

"अगं, घोटभर."

"नको."

आबांचा पुढं केलेला हात तसाच राहिला. सील झाल्यावर मी तिला फाटकापर्यंत सोडायला गेलो. पेटी स्कूटीवर नीट बसवत ती म्हणाली, "काका, आई ह्या मळ्यात येत हुती तवा तिचा कप गोठ्याच्या वळचणीला ठेवलेला असायचा. मी बी त्यातनंच पिलीया. आता ठेवणीतला कप पुढं येतोय, तर मला घेता येत न्हाई."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. थोडी गंमत वाटत होती तिला.

ती जेवायची ती बागेबाहेर, कॅनॉलच्या कडेला. त्याआधी कोपरापर्यंत हात धुवायची, मग हात नाकाशी नेऊन वास घ्यायची, आणि पुन्हा धुवायची. द्राक्षाचा एक मणी तिनं तोंडात टाकलेला मी पाहिला नाही. आम्ही फवाऱ्याला औषध म्हणतो, त्याचा तिला राग. एकदा बाळासाहेबाला म्हणाली, "औषध आजाऱ्याला देत्यात दादा. तुमची बाग आजारी हाय का?"

"हाय की," बाळासाहेब म्हणाला. "कायमची."

यावर दोघंही हसले होते. त्या दोघांना एकत्र हसताना मी पाहिलं ते तेवढंच.

तिच्या कामात तडजोड नव्हती आणि त्याची किंमत तिला पडायची. तालुक्यातल्या एका वजनदार माणसाच्या बागेचं सँपल फेल गेलं. त्यानंतर थोड्याच दिवसांत कुणीतरी तिच्या स्कूटीचे दोन्ही टायर फाडून ठेवले. त्या दिवशी तिला माझ्याकडं यायचं होतं. दुपार कलली तरी पत्ता नाही, म्हणून मी रस्त्यावर येऊन उभा राहिलो, तर ती फाट्यावर एसटीतून उतरून पेटी कंबरेवर घेऊन चालत येताना दिसली. घागर घेऊन बाई यावी तशी. मी पेटी घ्यायला पुढं झालो तर तिनं दिली नाही. माझं सँपल अजून घ्यायचं होतं आणि मालकाच्या हातात पेटी द्यायची नसते.

"पोलिसांत तक्रार दे," मी म्हणालो.

"बर्फ वितळतोय काका. आधी घड तोडू."

आणि शिरली ओळीत. तिसरी, पाचवी, मागं कोपऱ्यात.

आता त्या हंगामाचं सांगतो.

त्या वर्षी घडांत साखर उतरायला लागली आणि अवेळी पाऊस आला. आला तो लागून राहिला. पानांमागं डावणीचे पांढरे ठिपके दिसायला लागले. ही बुरशी घडात शिरली की चार दिवसांत बाग हातची जाते. सगळ्यांनी रात्र बघितली नाही की दिवस, पंप चालू ठेवले. बाळासाहेबानं भारीतलं औषध मारलं. मी साधं मारलं. यात माझा काही शहाणपणा नव्हता. दुकानात भारीतलं संपलं होतं, एवढंच. बाग दोघांचीही वाचली. पण तिकडं त्या भारीतल्या औषधाची मर्यादा नुकतीच खाली आणली होती. गेल्या वर्षी जेवढा अंश चालला, तेवढा आता चालणार नव्हता. हा निरोप आमच्या मोबाईलच्या ग्रुपवर आला तो फवारून झाल्यावर.

दोघांच्याही बागेतून सुजाता सँपल घेऊन गेली. माझा रिपोर्ट पास आला. त्याच संध्याकाळी बाळासाहेबानं मला बांधावरून हाक मारली.

"फेल," तो म्हणाला.

"पुन्हा सँपल देता येतंय की."

"येतंय. पण त्याआधी औषध उतरायला थांबावं लागतंय. आणि आभाळ बघ."

पश्चिमेला काळं दाटलं होतं. पिकलेल्या द्राक्षावर एक पाऊस पडला की मणी तडकतो. तडकला की संपलं.

"मग काय करणार?"

"सांगलीचा एक व्यापारी तयार हाय. उद्या सकाळी टेम्पो येतोय. त्याला रिपोर्ट लागत न्हाई."

"बाळ्या..."

"तू बोलू नको," तो शांतपणे म्हणाला. "तुझा पास झालाय."

आणि तो घराकडं वळला. त्याचं चुकत होतं असं मला तेव्हा म्हणवेना. त्याची बाग दर वर्षी बोटीत चढलेली. आमच्या गावात पहिल्यांदा माल परदेशी धाडला तो त्यानंच, आणि आम्ही सगळे त्याचं बघून त्या वाटेला लागलो. कंपनीची माणसं आली की त्याच्या ओसरीवर बसायची. आता एका मेसेजनं त्याचं नाव कंपनीच्या यादीतून जाणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं ते आक्काताईनं मला नंतर सांगितलं. टमटम वस्तीत येऊन उभी होती, बायका बसत होत्या, तेवढ्यात सुजाताचा सांगलीहून फोन आला. आज काढणी कुणाकडं, हे तिला आईकडून रात्रीच कळलं होतं. "आई, आज बाळासाहेबांच्या बागेत जाऊ नको."

"का?"

"सांगता येत न्हाई."

"सांगता येत न्हाई तर मग थांबवू बी नको," असं म्हणून आक्काताईनं फोन ठेवला आणि टमटममध्ये चढली.

रिपोर्ट मालकाला आणि कंपनीला सोडून कुणाला सांगायचा नाही, हा सुजाताच्या नोकरीतला पहिला नियम. त्या नियमानं ती फोनवर गप्प राहिली. पण कामात तिचं लक्ष लागलं नसावं. आमच्याकडं काढणीच्या बायकांना तुटलेले, गळालेले मणी घरी न्यायला देतात. संध्याकाळी प्रत्येकीच्या पदरात ओंजळ-दोन ओंजळ असतेच. वस्तीतली पोरं टमटमची वाट बघत असतात. सुजाताही कधीकाळी त्या पोरांतच होती.

उन्हं वर आली होती. पहिला टेम्पो भरून निघून गेला होता, दुसरा लागलेला होता. मी माझ्या बागेत होतो, मला फाटकाशी स्कूटी थांबल्याचा आवाज आला. बघतो तर सुजाता. पायांजवळ पेटी नव्हती. ती बाळासाहेबाच्या बांधावर जाऊन उभी राहिली, आत शिरली नाही. मी तार ओलांडून पलीकडं गेलो.

"आई, कात्री खाली ठेव," ती म्हणाली.

बायकांचे हात थांबले. बाळासाहेब क्रेट मोजत होता, तो वळला.

"मॅडम, आज हितं सँपल न्हाई."

"सँपल घ्यायला आली न्हाई दादा. रिपोर्ट सांगायला आलीया."

"रिपोर्ट माझा हाय. तो दुसऱ्या कुणाला सांगायचा तुला अधिकार न्हाई."

"न्हाई," सुजाता म्हणाली. "नोकरी जाईल माझी. ठावं हाय." आणि ती बायकांकडं वळली. "ह्या घडांवर औषध जादा राहिलंय. उतरायला अजून दिवस लागतील. मणी घरी नेऊ नका. पोरांस्नी देऊ नका."

टेम्पोवाला बिडी विझवून बघत राहिला. बाळासाहेबाचा चेहरा आधी उतरला, मग लाल झाला.

"हितं इकायला बंदी हाय का?" तो म्हणाला. "असली तर कागद दाखव."

"हितं कोण बघतच न्हाई दादा, तर बंदी कुठली. पैला टेम्पो कुठं गेला?"

"सांगलीला."

"तिथनं?"

"मला काय म्हाईत. कुणाच्या तरी गाड्यावर. जाईल कुठंबी."

"म्हंजे तिकडच्या पोराला जे चालत न्हाई, ते आपल्या पोराला चालतंय."

"हे मी ठरवलंय व्हय?" आता बाळासाहेबाचा आवाज चढला. "मर्यादा तिकडं बदलली. पाऊस वरनं आला. मी कुणाला सांगायचं, थांबा म्हणून? डावणीनं बाग गेली असती तर तू आली असतीस का सांगायला? माल बोटीत चढला की मी प्रगतशील शेतकरी, आणि न्हाई चढला की चोर. असंच ना?"

सुजाता म्हणाली, "चोर म्हटलं न्हाई मी."

"मग काय म्हटलंस?"

तिला उत्तर देता आलं असतं. पण तेवढ्यात आक्काताई मांडवाखालून बाहेर आली. तिनं कात्री कमरेला खोचली होती. ती बाळासाहेबाकडं गेली नाही, लेकीसमोर येऊन उभी राहिली.

"सकाळी फोनवर का सांगितलं न्हाईस?"

"नियम हुता आई."

"आणि आता?"

"आता सांगितलं."

"तोवर आमी निम्मी बाग तोडली." आक्काताईनं दोन्ही हात तिच्यासमोर धरले. तळव्यांवर चिकट काळपट थर होता, बोटांच्या पेरांना जुन्या भेगा. "घडावर हाय म्हंजे ह्या हातावर बी हाय. डिपिंगला ह्याच हातांनी घड बुडवलं, वर्सानुवर्सं. त्याच हातानं तुला भाकरी दिली. घडाचं सँपल नेतीस, बर्फात घालून नेतीस. आमच्या हाताचं सँपल कवा नेलंस, सांग."

मी सुजाताला कितीतरी मालकांसमोर उभी राहिलेली पाहिली होती. कुणी ओरडायचे, कुणी गोड बोलायचे, ती ढळायची नाही. त्या दिवशी आईच्या हातांकडं बघताना तिची नजर पहिल्यांदा खाली गेली.

"न्हाई नेलं," ती म्हणाली. तिचा आवाज जेमतेम ऐकू आला.

आक्काताई वळली. "मालक, आमी आता तोडत न्हाई. औषध उतरल्यावर बोलवा. ही टोळी आधी तुमची बाग तोडंल, मग दुसरीकडं जाईल. माझा शब्द हाय."

"आणि पाऊस आला तर?"

"आला तर आला. त्यो काय आमच्या हातात हाय?"

बायका एकेक करून बाहेर आल्या आणि बांधावर बसल्या. बाळासाहेबानं खिशातून फोन काढला. दुसरी टोळी बोलवायला त्याला अडचण नव्हती, हंगामात जत भागातून टोळ्या येऊन राहिलेल्या असतात. त्यानं नंबर लावला, कानाला धरला. कुणाचीच नजर त्याच्यावरून हटत नव्हती.

एवढा वेळ आबा टेम्पोच्या सावलीत क्रेट पालथा घालून बसले होते. त्यांना कमी ऐकू येतं. पण काय चाललंय ते कळण्याइतकं ऐकू आलं असावं. ते उठले, भरलेल्या क्रेटमधला एक घड उचलला आणि म्हणाले, "कशापायी भांडताय? मी खातो की. सगळा जलम ह्यातच गेला, मला काय झालं?"

त्यांनी मणी तोडून तोंडाजवळ नेला आणि बाळासाहेब फोन कानाला तसाच ठेवून पुढं झेपावला. त्यानं आबांच्या हातातून घड हिसकावला आणि लांब फेकून दिला. आबांच्या बोटांत राहिलेला मणीसुद्धा काढून घेतला. आबा त्याच्याकडं बघतच राहिले. फोनवर पलीकडून कुणीतरी "हॅलो, हॅलो" करत होतं.

बाळासाहेबानं फोन बंद केला. सुजाताकडं त्यानं पाहिलं नाही, आमच्याकडंही नाही. टेम्पोवाल्याला म्हणाला, "क्रेट उतरव. गाडी रिकामी ने."

आणि आबांचा हात धरून त्यांना हौदावर घेऊन गेला. हात धुवायला.

पुढचे दिवस मला अजून आठवतात. बाग तोडायला आलेली आणि तोडायची नाही. रोज दुपारनंतर आभाळ भरायचं. बाळासाहेब बागेच्या मधोमध खुर्ची टाकून बसायचा. मी जाऊन शेजारी बसायचो. ढग गडगडायचे आणि पलीकडच्या गावावर पाऊस पडल्याचा वास यायचा. एका संध्याकाळी शिंतोडे आले. आम्ही दोघं छत्री न घेता तसेच बसून राहिलो. सकाळी पाहिलं तर कडेच्या ओळींतले मणी तडकलेले, मधली बाग शाबूत.

पुन्हा सँपल गेलं, ते न्यायला दुसराच माणूस आला. तो मालकाच्या मागून सरळ ओळीनं चालला. रिपोर्ट पास झाला. पण तोवर कंपनीची खरेदी आटोपली होती, बाळासाहेबाची बाग बोटीत चढली नाही. थोडा माल बाजारात गेला, उरलेल्याचा बेदाणा केला. आक्काताईची टोळी शब्दाप्रमाणे आधी त्याच्याकडं आली. बाकीच्या बागायतदारांनी जास्तीची लालूच दाखवली, पण ती गेली नाही.

सुजाताची नोकरी गेली. मालकाची गोपनीय माहिती फोडली, असं कारण. बाळासाहेबाकडं लेखी तक्रार मागितली होती. त्यानं दिली नाही. तिच्या बाजूनंही काही लिहून दिलं नाही. त्याच्याकडून तेवढंच होण्यासारखं होतं आणि तेवढं त्यानं केलं, असं मला वाटतं. पहिल्या टेम्पोतला माल कुठं गेला, कुणी खाल्ला, हे कधीच कळलं नाही. सुजाता दोन दिवस सांगलीच्या मार्केट यार्डात व्यापाऱ्याला शोधत फिरली होती म्हणतात. कुणी दाद दिली नाही.

पुढच्या छाटणीआधी बाळासाहेबानं अर्धी बाग उपटून टाकली आणि ऊस लावला. मी विचारलं तर म्हणाला, "उसाला कोण सँपल मागत न्हाई." खरं होतं ते. पाणी मात्र उसाला द्राक्षाच्या कितीतरी पट लागतं, आणि नदीकाठची आमची जमीन आधीच पाण्यानं मीठ फुटायला लागलेली. त्याला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

बदल झाला तो एक असा, की आक्काताईची टोळी आता कुणाच्याही बागेत एकदम शिरत नाही. बांधावर थांबतात आणि विचारतात, "शेवटची फवारणी कवा झाली?" मालक सांगेल त्या तारखेपासून किती दिवस झाले ते एखादी पोरगी मोबाईलवर मोजते, आपापसात बोलतात, मग आत जायचं की परत जायचं ते ठरतं. सुरुवातीला लोक चिडले. काही जण खोटं सांगतात. पण आजूबाजूच्या दोन-तीन टोळ्यांनीही आता हीच रीत धरली आहे. बागेत जाण्याआधी हातमोजे मागतात, ते मळके का असेनात. मीसुद्धा काढणीच्या बऱ्याच आधी हात आखडता घेतो. डावणीनं एका साली माझं चांगलंच नुकसान केलं. परदेशी धाडण्याचा नाद मी सोडलाय, जवळच्या बाजारातच माल नेतो, तरी हा नेम मोडत नाही.

सुजाता मला मागच्या उन्हाळ्यात भेटली. मी विट्याला पाहुण्यांकडं गेलो होतो, स्टँडवर बसची वाट बघत होतो. ती समोरून आली. तोच पुऱ्या बाह्यांचा शर्ट, केसांत थोडं पांढरं. म्हणाली, आटपाडीकडच्या काही डाळिंबवाल्यांनी मिळून तिला सल्ल्यासाठी ठेवलंय. त्यांचा थोडा माल बाहेर जातो, बराचसा इथंच.

"इथल्या मालाचं सँपल कोण मागतं?" मी विचारलं.

"कोण न्हाई मागत. मी घेते. त्यांस्नी सांगितलंय, दोन्हीला एकच नियम असंल तरच मी काम करंन. काही जण तयार झालं, काही सोडून गेलं."

मग म्हणाली, "आणि काका, आधी तोडणाऱ्या बायकांस्नी इचारते. डोळं झोंबत्यात का, हाताला आग हुती का. मग मालकाला इचारते. आईचं बरोबर हुतं त्या दिवशी."

"तू पण चूक नव्हतीस."

"उशीर केला हुता," ती म्हणाली. "सकाळीच सांगायला पायजे हुतं."

बाळासाहेबाबद्दल तिनं विचारलं. उसाचं सांगितल्यावर मान हलवली, नावं ठेवली नाहीत. तेवढ्यात आटपाडीची बस लागली. गर्दी दाराकडं धावली. ती गर्दीत शिरली, दिसेनाशी झाली, आणि मग मागच्या बाजूच्या एका खिडकीत दिसली. मी हात केला, पण तिचं लक्ष नव्हतं. तिचा फोन वाजला होता. एका हातानं दुसरा कान झाकून ती मोठ्यानं बोलत होती. बस स्टँडातून वळून बाहेर पडेपर्यंत मला तिचं बोलणं ऐकू येत होतं.

"थांबा. मी येतीया. मी आल्याशिवाय तोडा सुरू करू नका. बायकांस्नी सावलीत बसवा तोवर."